पट्टीखालची हळद

बाळांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, पण थोरलीनं आधी वाचावं, आणि लवकर वाचावं. गेल्या आठवड्यात तिनं कळवलं की परदेशात ती ज्या प्रयोगशाळेत दाखल झाली आहे तिथं जखमेवर लावायच्या जेलच्या पट्ट्या तयार करतात, आणि पुढच्या महिन्यात तिला सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या विषयाची ओळख करून द्यायची आहे. "सुरुवात आजोबांच्या पायानं करणार आहे," असं तिनं लिहिलं. "डॉक्टरनं इतकी चांगली पट्टी दिली आणि हट्टी पेशंटनं ती उघडून स्वतःच्या हातानं हळद भरली, म्हणून बोटं गेली. लोक हसतील आणि मुद्दा लक्षात ठेवतील."

मी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

आपल्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली जाते, हे मला माहीत आहे. "आजोबांची मिलिटरी हळद" म्हणून तुम्ही फोनवर त्यांना चिडवता आणि ते खोकल्यासारखं हसतात. पण ती हळद त्यांनी घातली नव्हती. मी घातली होती. परक्या देशात, परक्या लोकांसमोर त्यांना हट्टी आणि अडाणी म्हणून उभं करायच्या आधी जे झालं ते, थोरले, तुला माहीत असलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याच्या शेवटची गोष्ट. तुमचे आजोबा उसाला पाणी देऊन दुपारी घरी आले आणि ओसरीवर बसून गमबूट काढायला लागले. मी सुपारी कातरत होते. त्यांनी बूट उलटा करून आपटला तेव्हा त्यातून एक खिळा पडला. बोटभर लांब, पत्र्याला मारतात तसला. त्यांनी तो उचलून बघितला.

"हा कवाचा गं आत?" ते म्हणाले. "मी सकाळच्यान हिंडतोय की."

मग मोजा काढला. तळव्याला, करंगळीच्या खाली, रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि मोज्याचा अर्धा भाग काळा झाला होता. मी किंचाळले. ते मात्र पाय वर करून, दुसऱ्याचाच पाय असल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले. दुखत नव्हतं. मधुमेहानं त्यांच्या पावलांची जाणीव केव्हाच नेली होती. ते मला माहीत होतं, डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलंही होतं. पण माणूस सकाळपासून दुपारपर्यंत खिळ्यावर चालतो आणि त्याला पत्ता लागत नाही, हे डोळ्यांनी बघेपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं.

सांगलीला नेलं. साताऱ्यात डॉक्टर नाहीत असं नाही, पण सांगली माझं माहेर, आणि तिथल्या एका रुग्णालयात जखमांचं काम बघणारी सर्जन माझी विद्यार्थिनी. साताऱ्याच्या शाळेत मी तिला तीन वर्षं इंग्रजी शिकवलं. केसांत पांढरी बट आली तरी ती मला बाईच म्हणते, आणि मी खोलीत शिरले की उभी राहते.

तिनं जखम साफ केली आणि एक चंदेरी पाकीट फोडून आतली पट्टी आम्हाला दाखवली. तळहाताएवढी, पारदर्शक, काचेसारखी, पण बोट लावलं तर गार आणि थरथरणारी.

"बाई, सब्जा भिजवता ना तुम्ही उन्हाळ्यात?" ती म्हणाली. "बी केवढुसं असतं आणि पाण्यात टाकलं की भोवती जेली धरतं. ही पट्टी तशीच आहे. हिच्यात बहुतेक पाणीच, पण ते सांडत नाही, एका जाळीत अडकून राहतं. आत चांदीचं औषध भरलंय. जखमेतलं पाणी ही शोषून घेते, आणि घेता घेता औषध थोडं थोडं सोडते. एकदम नाही. तीन दिवस."

"म्हंजी राशन," आजोबा म्हणाले. "एकदम पोतं न्हाई द्यायचं."

"अगदी बरोबर, सुभेदारसाहेब."

शेजारी ड्रेसिंग करणारी सिस्टर उभी होती, कवठ्याकडची, ठसकेबाज. तिनं बोट उगारून सांगितलं, "आजी, तीन दिवस उघडायची न्हाई. खाली काय लावायचं न्हाई. पावडर न्हाई, तेल न्हाई, काय म्हंजी कायच न्हाई." मी ते वहीत लिहून घेतलं. नेहमीसारखं, समास सोडून.

खरं तर डॉक्टरनं त्यांना ठेवूनच घेतलं असतं. तसं ती बोललीही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण घरी बाई आहेत म्हटल्यावर मला काळजी नाही. दर आठवड्याला जखमेचा एक फोटो पाठवा. तीन आठवड्यांनी या." पायावर बांधलेली धरून एकवीस दिवसांच्या सात पट्ट्या तिनं मला दिल्या. परत येताना कराडपर्यंत मी गाडीत ताठ बसले होते. एवढा मान मला निवृत्तीनंतर कुणी दिला नव्हता.

पहिली पट्टी दुसऱ्या दिवशी फुगली. पारदर्शक होती ती दुधाळ झाली, मग पिवळट. कडेला चिकट, दाट असं काहीतरी जमलं आणि वास यायला लागला, फार नाही, पण वास. मी चिकटपट्टीची एक कड उचलून बघितलं. जखमेवर पिवळा बुळबुळीत थर होता. मी आयुष्यभर असल्या थराला एकच नाव दिलेलं आहे. पू.

इथं मला थोडं मागं जाऊन सांगितलं पाहिजे. मी हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी. आमच्या सांगलीच्या घरात माणसांच्या नखांतसुद्धा हळद असायची. हरिपूरला जमिनीत खोल पेवं होती, त्यांत हळद ठेवायची, आणि पेव उघडलं की पहिली मूठ घरच्या डब्यात यायची. गुडघा फुटला, बोट कापलं, नखुरडं झालं, की हळद दाबायची आणि कोरडं होऊ द्यायचं. खपली धरली की जखम बरी. शाळेत मुख्याध्यापिका झाले तरी माझ्या कपाटात प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी हळदीची डबी होतीच. इंग्रजी साहित्यात एम. ए. केलं, मुलींना स्वच्छतेवर निबंध लिहायला लावले, पण ओली जखम म्हणजे वाईट आणि कोरडी म्हणजे चांगली, हे कधी तपासून बघावंसं वाटलं नाही. भाऊ अजूनही दरवर्षी डबा पाठवतो. त्या वर्षीचा डबा फडताळात होता.

मी पाणी उकळलं, मीठ घातलं, निवू दिलं. पट्टी सोडवली. तो पिवळा थर कापसानं पूर्ण पुसून काढला, अगदी लालसर मांस दिसेपर्यंत. मग कोरडी हळद जखमेत दाबून भरली आणि वर तीच पट्टी पुन्हा नीट बसवली. पट्टी का बसवली? कारण डॉक्टरनं दिलेली होती, ती टाकून देणं मला पटेना. दोन्हींचा मान राखला असं वाटलं.

आजोबा पलंगावर पाय लांब करून बघत होते. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उघडलं तर आत ओल नव्हती. मला इतकं बरं वाटलं! त्यानंतर रोज तेच केलं. सकाळची आंघोळ झाली की पाणी, कापूस, पुसणं, हळद, पट्टी. तिसऱ्या दिवशी नवी पट्टी. आणि वहीत लिहीत गेले: पट्टी क्रमांक दोन, दिवस दुसरा, ठीक. पट्टी क्रमांक तीन, दिवस पहिला, ठीक. उघडली, पुसली, हळद भरली, हे एकदाही लिहिलं नाही. खोटं लिहिते आहे असं वाटलंही नाही. जे सांगितलं होतं ते वहीत होतं आणि जे चांगलं होतं ते मी करत होते.

याहून वाईट म्हणजे फोटो. शाळा तपासायला साहेब येणार असले की आदल्या दिवशी आम्ही वर्गातले फळे धुऊन काढत असू आणि फुटक्या खिडकीला नकाशा लावत असू. मी फोटोच्या दिवशी तेच केलं. जखम स्वच्छ धुतली, पिवळेपणा जाईपर्यंत पुसली, नवी पट्टी बाजूला मांडली, उजेडात फोटो काढला आणि पाठवला. डॉक्टरचं उत्तर यायचं, "स्वच्छ दिसतेय, बाई. चालू ठेवा." मग मी पुन्हा हळद भरायची.

तिसरा आठवडा संपायच्या आदल्या सकाळी त्यांना हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. पाऊल सुजून चकचकीत झालं होतं आणि लाल रेघ घोट्याच्या वर चढली होती. शेजारच्या घरातल्या माणसानं गाडी काढली आणि तडक सांगलीला नेलं. ते सकाळचं धुणंपुसणं करायला वेळच झाला नाही, आणि म्हणूनच डॉक्टरला जे होतं ते जसंच्या तसं दिसलं.

तिनं पट्टी उचलली. खाली ओल्या गिलाव्यासारखा हळदीचा थर होता, कडेला कडक, मधे चिकट. तिनं चिमट्यानं त्याची एक कड उचलली तेव्हा एक ढलपाच निघाला आणि त्याखालून पू आला. खरा पू. हिरवट, पातळ, आणि त्या वासानं सिस्टरनंसुद्धा तोंड फिरवलं. आत, खोल, काहीतरी पांढरं दिसत होतं. हाड आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

डॉक्टरनं चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

"हे काय आहे?" डॉक्टरनं विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा संशय घेण्याचा प्रश्नच तिच्या मनात नव्हता.

मी तोंड उघडलं. आवाज त्यांचा आला.

"हळद हाय," आजोबा म्हणाले. "काल म्या घातली. लय खाजत हुतं."

"खाजत होतं? काका, तुमच्या पायात खिळा घुसलेला तुम्हाला कळला नाही, आणि खाज कळली?"

"मग न्हाई कळली. घातली ती घातली."

"आवं, काय सांगितलं हुतं मी?" सिस्टर भडकली. "बोट दाखवून सांगितलं हुतं! मिलिटरीत असंच ऐकत हुता व्हय साहेबाचं?"

"तितं सिस्टर लय कडक हुत्या," ते म्हणाले. ताप अंगात होता आणि थट्टा करत होते. डॉक्टरनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. या वयात इतका हट्ट, घरच्या माणसाची काही किंमत आहे की नाही, असं सगळं. ते मान खाली घालून ऐकत होते. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटत होतं की आता बोलेन, हे वाक्य संपलं की बोलेन. बोलले नाही. साठ मुलींच्या वर्गात जिनं एकदाही खोटेपणा खपवून घेतला नाही ती मी, आणि माझ्याऐवजी आजारी माणूस बोलणी खात होता. मला माझाच धक्का बसला होता. तो अजून पूर्ण उतरलेला नाही.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरनं मला एकटीला तिच्या खोलीत बोलावलं. समोर माझी वही उघडी होती; निघताना घाईतही मी ती पिशवीत टाकली होती.

"बसा, बाई. दोन बोटांच्या हाडांत जंतू गेलेत. ती बोटं काढावीच लागतील. पण माझी अडचण त्याच्या पुढची आहे." तिनं वहीवर बोट ठेवलं. "पायाचा रक्तपुरवठा काठावरचा आहे. त्यावरून धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. अशा वेळी मी बघते की जखमेनं उपचाराला साथ दिली का. इथं तर वीस दिवस औषध अखंड मिळालंय. काल काकांनी वेडेपणा केला, पण तो एक दिवस. बाकी सगळं तुम्ही इतकं व्यवस्थित केलंय, रोजची नोंद आहे, आणि तरी जखम मागेच गेली. याचा अर्थ या पावलात भरून यायची ताकद नाही. बोटं काढली तर ती जखमही भरणार नाही, मग अर्धं पाऊल, मग पुन्हा. त्यापेक्षा गुडघ्याच्या खालून एकदाच काढलेला बरा. उद्या सकाळी."

ती हे सगळं माझ्या वहीवरून ठरवत होती. माझ्या सुवाच्य अक्षरावरून. मी सात पट्ट्यांपुढे "ठीक" लिहिलं होतं म्हणून त्यांचा पाय जाणार होता.

"ही वही खरी नाही," मी म्हणाले.

तिला कळलं नाही. "म्हणजे?"

"हळद मी घातली. ते नाही. आणि काल नाही. रोज. पहिल्या पट्टीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज."

"रोज म्हणजे, बाई?"

"रोज सकाळी पट्टी काढून खालचं सगळं मिठाच्या पाण्यानं पुसायची आणि हळद भरायची. फोटोआधी धुवायची."

"सातही पट्ट्या?"

"सातही."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. राग नव्हता, राग परवडला असता. परीक्षेत एखाद्या हुशार मुलीची कॉपी पकडली की मला जे वाटायचं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं खिशातलं पेन काढलं आणि माझ्या वहीच्या त्या पानांवर, एकेका पानावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

"म्हणजे या पायाला औषध मिळालेलंच नाही," ती म्हणाली. "मग मी काय म्हणून पाय काढू?" आणि तिनं फोन उचलून कुणाला तरी सांगितलं की उद्याचं ऑपरेशन बदललं आहे.

दोन बोटं काढली. आत साचलेलं सगळं काढलं. आठवडाभर त्यांना रुग्णालयात ठेवलं आणि पुन्हा तसलीच नवी पट्टी लावली. या वेळी माझे हात मांडीवर. दुसऱ्या दिवशी ती पट्टी फुगली. दुधाळ झाली, पिवळट झाली, कडेला दाट चिकट पाणी जमलं, वास आला. घरी आला होता तसाच. मी सिस्टरला हाक मारली.

"आजी, ह्यो पू न्हाई," ती म्हणाली. या वेळी तिचा सूर मऊ होता. "जेल हाय. पाणी पिऊन फुगलंय. ह्योच औषध सोडतंय आत. ओलं असलं की मांस धरतं."

मी रोज पुसून काढत होते ते हेच होतं.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिनं मला जवळ बोलावून दाखवलं. तळाशी डाळिंबाच्या बारीक दाण्यांसारखे लाल ठिपके उठले होते. नवं मांस. बोटं काढून तीनच दिवस झाले होते. तिथंच मला पहिल्यांदा रडू आलं.

दुपारी वॉर्डात दोघंच होतो तेव्हा मी त्यांना विचारलं. "तुम्ही खोटं का बोललात?"

"तुझी विद्यार्थिनी हुती समोर."

"म्हणजे हळद चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"सिस्टर सांगत हुती तवा मी तितंच हुतो की. पाय माझाच हुता."

"मग रोज बघत होतात ते? एकदा तरी म्हणायचं, नको म्हणून!"

ते छताकडे बघत होते. "तू इतकं नेटकं करत हुतीस. पाणी उकळून, कापूस मोजून. म्हटलं, बाईला ठावं असंल. वहीतबी लिवत हुतीस." मग माझ्याकडे वळून, मिशीत हसून, "आणि आडवलं आसतं तर ऐकलं आसतंस व्हय, हेडबाई?"

ऐकलं नसतं.

तुमच्या आईचा फोन आला तेव्हा त्यांनीच उचलला. "मीच येडेपणा केला," म्हणून सांगितलं. मी शेजारी बसून संत्रं सोलत होते. डॉक्टरसमोर मी खरं बोलले होते, कारण पाय जाणार होता. मुलीसमोर बोलायला तसं काही कारण नव्हतं, म्हणून गप्प राहिले. मग ती गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली, तिची थट्टा झाली, आणि दिवाळीला तुम्ही दोघांनी मिळून त्यांना हळदीचा खोटा बिल्ला बनवून पाठवलात. तो त्यांनी कोटाला लावून दाखवला. त्या दिवशी मला ताटावर बसवेना.

थोरली लिहिते की तिच्या प्रयोगशाळेत हळदीतला पिवळा अर्कसुद्धा जेलमध्ये भरून बघतात. ते वाचून मी आधी खुर्चीत सावरून बसले, मग चिडले, मग विचार केला. मापून, निर्जंतुक करून, किती वेळात किती सुटेल ते ठरवून घालणं वेगळं. फडताळातल्या डब्यातून, जेल पुसून टाकून, चमच्यानं दाबून भरणं वेगळं. माझी हळद चांगलीच होती. जागा चुकीची होती, आणि मी कुणाला विचारलं नाही.

तेव्हा तुला तुझ्या भाषणात हे सांगायचं असेल तर जरूर सांग. पेशंट हट्टी होता असं म्हणू नकोस. पेशंटनं एकही पट्टी उघडली नाही. घरी एक शिकलेली, शिस्तीची बाई होती, तिला ओली जखम बघवली नाही. तिच्याकडे सूचना लिहिलेल्या होत्या, तिला त्या वाचता येत होत्या, आणि तिनं त्या पाळल्याचं लिहूनही ठेवलं. ज्यांच्यासाठी तुम्ही पट्ट्या बनवता त्यांच्या घरी माझ्यासारखं कुणीतरी असतंच. पट्टी फुगणार आहे, पिवळी दिसणार आहे आणि ते चांगलं आहे, हे पाकिटावर चित्र काढून छापा. मला त्या चित्राचा उपयोग झाला असता.

हे लिहिण्याआधी मी आजोबांना विचारलं. "कशाला आता?" म्हणाले. मग म्हणाले, "लिव. पर बिल्ला मी देणार न्हाई."

त्यांच्या उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. अंगठा, बाकीची दोन बोटं, तळवा, टाच आणि घोटा शिल्लक आहे, जखम पूर्ण भरली आहे, आणि रोज सकाळी ते त्याच पायानं बांधापर्यंत जाऊन येतात.